लाल ट्रेमधली कार्डं

संकर्षण कराडहून म्हैसूरला आला त्याला आता बरीच वर्षं झाली. इथेच संसार मांडला, घर घेतलं. पण कन्नड? ‘स्वल्प स्वल्प बरुत्ते’, थोडंथोडं येतं, हे हसून सांगण्यापुरतं! ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, भाजीवाल्याशी बोटांनी. कुठे अडलंच नाही हो त्याचं.

मेटगळ्ळीतली त्याची कंपनी कारखान्यांसाठी डबे बनवायची, यंत्रांचे आकडे नेटवर्कवरून ऑफिसात पोचवणारे. त्या डब्यातलं नेटवर्क कार्ड ज्याच्यावर चालतं तो ड्रायव्हर, म्हणजे कर्नलच्या, डब्याच्या मूळ प्रणालीच्या, पोटातला प्रोग्राम, संकर्षणने लिहिलेला. त्याचा त्याला कोण अभिमान! आणि ती कार्डं जोडायची, तपासायची सिंधूअक्का. म्हैसूरच्याच जुन्या मराठी शिंपी घरातली. तिचं मराठी निम्मं कन्नड, आणि हा दीडशहाणा जेवणाच्या टेबलावर त्याची नक्कल करून लोकांना हसवायचा.

मग डबे थंड पडू लागले. चांगला चालणारा डबा अचानक गप्प व्हायचा. दिवा लुकलुकतोय, केबल ठीक आहे, पण आकडा म्हणून पुढे जात नाही. तक्रारी सगळ्या नव्या डब्यांच्या. नवे डबे, नवी कार्डं, म्हणजे दोष कार्डांचाच, संपलं! त्याच सुमाराला आपणही ड्रायव्हरमध्ये बदल केला होता, हे संकर्षणसाहेबांच्या डोक्यात आलंच नाही. ते तरातरा खाली गेले, सिंधूअक्काच्या टेबलावरची तयार कार्डं उचलली आणि सगळ्यांदेखत लाल ट्रेमध्ये टाकली. लाल ट्रे म्हणजे बाद माल. बोलायला भाषाही लागली नाही. सगळ्या विभागाला कळलं. वरिष्ठ अदितीने सिंधूअक्काला पॅकिंगला हलवलं आणि तिच्या खुर्चीवर पूजिता नावाची नवी मुलगी आली.

पूजिताची कार्डंही तशीच गप्प झाली. आता मात्र संकर्षणला शोधणं भागच होतं. त्याने एक जुनं, भरवशाचं कार्ड नव्या ड्रायव्हरवर चालवलं. थोड्या वेळात तेही गप्प. मग लाल ट्रेमधलं एक कार्ड काढून जुन्या ड्रायव्हरवर लावलं, तर ते दिवसभर बिनतक्रार चाललं. म्हणजे दोष त्याच्याच ड्रायव्हरमध्ये होता.

चूक एवढीशी होती. माल आला की कार्ड हाक मारतं, ड्रायव्हर जागा होऊन, कान बंद करून माल उचलतो. उचलून झाला की हाक ऐकायला कान उघडायचे आणि झोपण्याआधी एकदा पुन्हा बघायचं, काही राहिलं तर नाही ना. नव्या बदलात संकर्षणने ते शेवटचं बघणं वेग वाढवायच्या नादात काढून टाकलं होतं. कान बंद असताना माल आला की हाक वाया, ड्रायव्हर झोपलेला, आणि डबा गप्प.

कर्नलवाल्यांचा एक दंडक आहे. दुरुस्ती करताना चूक कुठल्या बदलातून आली ते तिथेच नोंदवायचं, आणि त्या बदलावर तो करणाऱ्याचं नाव असतंच. संकर्षणला मोह झाला होता, नाही असं नाही. ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून ढकलून द्यावं. पण त्याने स्वतःचा बदल नोंदवला. अदितीने तोंड भरून कौतुक केलं, “असा प्रांजळपणा हवा!” बंगळुरूच्या मुख्य ऑफिसातूनही शाबासकीची मेल आली. तो खूश! स्वारी हसतमुखाने चहाला खाली उतरली आणि समोर सिंधूअक्का खोक्यांना चिकटपट्टी लावत बसलेली दिसली. तेव्हा त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. त्याची कबुली इंग्रजीत होती, पडद्यावर होती, आणि खालच्या मजल्यावर ती कुणी वाचणार नव्हतं.

“अक्का, कार्डं चांगली होती. माझंच चुकलं,” तो हळूच म्हणाला. हळूच, कारण लोक होते.

“अय्यो! मला वाटलं की सर, माझाच हात बिघडला. घरी टाका घालतानापण भ्याव वाटायचं,” ती म्हणाली. “परवागिल्ल, राहू द्या.”

“नाही, सगळ्यांना सांगतो,” म्हणत तो विभागाच्या मधोमध उभा राहिला. बायका, पोरं, सगळे हात थांबवून बघू लागले. सगळे कन्नड बोलणारे. त्याने तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. चार मराठी वाक्यं कशीबशी बाहेर पडली, “कार्डांत दोष नव्हता, ड्रायव्हर मी बिघडवला, अक्कांवर उगाच खापर फोडलं.” मग त्याने सिंधूअक्काकडे बघितलं. हेही कन्नडमध्ये तिनेच सांगायचं!

तिने सांगितलं. ‘स्वल्प’ का होईना, त्याला कळत होतंच. ती म्हणाली, ड्रायव्हरमध्ये काहीतरी बारीक घोळ होता, सरांनी हुडकून काढला, कुणाचाच दोष नाही.

लोकांनी माना डोलावल्या. कुणी तर टाळ्या वाजवल्या. आणि संकर्षणला क्षणभर हायसं वाटलं. वाटलं खरं! त्या वाटण्याची त्याला जी लाज वाटली, तेवढी तर चूक सापडली तेव्हाही वाटली नव्हती.

“इल्ल, नाही,” तो मोठ्याने म्हणाला. “तप्पु नंदु. चूक माझी. सिंधूअक्का... तप्पु इल्ल.”

टाळ्या थांबल्या. पूजिता गडबडून खुर्चीवरून उठली आणि खुर्ची सिंधूअक्कापुढे सरकवली. सिंधूअक्काने तिला खांद्याला धरून परत बसवलं, “तू बस गं, तुझं काय चुकलं?” म्हणाली, आणि आपल्या खोक्यांकडे निघून गेली.