शेंदूर, सफेदा आणि आमचा नवा पंप

गेल्या रविवारी समता कॉलनीतल्या आमच्या घरी बोअरचा नवा पंप बसवला. पंपच तो, त्यात काय एवढं सांगायचं, असं वाटेल... पण त्या सकाळी आमच्या अंगणात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जुन्या पंपाच्या मोटरमधलं तेल झिरपायला लागलं होतं. पाण्यावर पातळ तवंग यायचा. माझी मुलगी मनू नुकतीच वाटीनं पाणी प्यायला शिकली आहे, त्यामुळे मी हटूनच बसले... आता पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट असलेलाच पंप आणायचा.

माझं कामच ते. उरला भागातल्या एका पंप कारखान्यात मी क्वालिटी बघते. पंपाचे जे भाग पाण्याला लागतात ते पाण्यात भिजत ठेवायचे आणि मग ते पाणी तपासायला पाठवायचं. त्यात शिसं उतरलं, की पंप नापास! आमचे हे सगळ्यांना सांगतात, "बायको लोखंडाचं लोणचं घालते." म्हणोत बापडे.

तर रविवारी बीरगांवहून आमचे नेहमीचे मिस्त्री भैया आले. त्यांनी बोअरवर तीन पायांची उंच लोखंडी तिपाई उभी केली आणि पंप साखळीला टांगला. मी आत मनूला भरवत होते. बाहेर येऊन बघते तर काय... सासूबाई हातात ताट घेऊन पंपासमोर, आणि पंपावर तेलात कालवलेला लालभडक शेंदूर!

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला मारुतीच्या देवळातला शेंदूर लागतो. स्कूटर, मिक्सर, इन्व्हर्टर... कोणी सुटलेलं नाही. पंप तर एकदा जमिनीत गेला की पुन्हा दिसायचा नाही, म्हणून आईंनी हात राखला नव्हता. स्वस्तिक कुठे काढलं होतं? बरोबर, जिथून पाणी आत शिरतं त्या जाळीवर.

बाजारातल्या शेंदरात बहुतेक वेळा शिसंच असतं. म्हणजे ज्या शिशापायी मी कारखान्यात पंप नापास करते, तेच माझ्या घरच्या पंपाला हौसेनं फासलेलं! मी जोरात ओरडले, "आई, हात लावू नका त्याला!"

आईंनी ताट ओट्यावर ठेवलं आणि त्या आत गेल्या. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता निस्तर तूच. भैया म्हणाले, "दीदी, उतारना है कि नहीं?"

आई देवघरापाशी बसल्या होत्या. डोळे भरलेले. म्हणाल्या, "लेकराच्या घरात पानी चांगलं यावं म्हनून तर पूजा करून राहिली होती मी. काहून वो एवढी ओरडली, त्या मिस्त्रीसमोर?" मला फार वाईट वाटलं. शेजारी बसून सगळं सांगितलं... शेंदरात काय असतं, शिसं लहान मुलांना किती वाईट, आम्ही पंपाचे भाग कसे भिजत घालतो.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, "म्हंजे जे जे पान्याले लागते, ते सगळं पाहा लागते?"

"हव, आई."

त्या उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात. भाजीत घालायची हळद पाण्यात कालवून बाहेर आल्या. मी ब्रश आणि साबण घेऊन जाळीसकट अख्खा पंप लख्ख घासून काढला, तोवर त्या वाटी धरून उभ्या. मग हळदीचं एवढंसं बोट लावलं आणि म्हणाल्या, "जे मनूच्या तोंडात गेलं तरी चालते, तेच याले लागन." आमच्या कारखान्यातल्या ट्रेनिंगमध्ये हेच सांगायला अख्खी दुपार लागते हो!

मला वाटलं, संपलं. कसलं काय... खरी तपासणी तर पुढेच होती. भैया पंपाच्या तोंडाशी पाइप जोडायला बसले, आट्यांवर सुतळी गुंडाळली आणि डब्यातून पांढरं काहीतरी काढून चोपडायला लागले. आई वाकल्या. "भैया, ये क्या लगा रहे?"

"सफेदा है अम्मा, पानी नहीं टपकेगा."

"काहे का बना है?"

भैयांनी डबा फिरवून फिरवून पाहिला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मीही पाहिला... सफेद्यातही शिसं असू शकतं, आणि माझे कान गरम झाले. इतकी सर्टिफिकेटं वाचणारी मी, पण जोडाला काय लावणार हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आई म्हणाल्या, "तो मत लगाओ. ये भी पानी को लगेगा ना?" भैयांनी हसत सगळं पुसलं, आटे घासले आणि पिशवीतून टेफ्लॉन टेप काढली.

बोअरमध्ये जंतू मारायचं औषध टाकलं, पहिलं पाणी कितीतरी वेळ वाहून जाऊ दिलं, मग नमुना तपासायला दिला. रिपोर्ट येईपर्यंत कॅनचंच पाणी. काल रिपोर्ट आला, सगळं उत्तम! आईंनी स्वतः वाटी भरली आणि मनूला पाजली. अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं, तरी आजी-नात दोघी खूश.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. आईंनी त्यांच्यापुढे पेला ठेवला आणि म्हणाल्या, "प्या बिनधास्त. आमच्या सुनेनं पास केलेलं पानी आहे."

सफेद्याचं नावही काढलं नाही हो त्यांनी... माझं ओरडणंही नाही. मी दारामागे मनूला कडेवर घेऊन उभी होते. मी रोज पंपांना पास-नापास करते, पण मला कोणी असं पास केल्याचं आठवत नाही.