आत्याचे दोन साक्षीदार

माझ्या आत्याइतकी संशयी बाई वर्तकनगरातच काय, सबंध ठाण्यात सापडणार नाही. तिचा संशय थेट आभाळावर. ढगबिग तिच्या लेखी तळघरातला पसारा. तिचं लक्ष त्याच्या पार वरच्या विरळ हवेवर. त्या हवेचा अंदाज बांधणारी मॉडेल्स जगभरचे शास्त्रज्ञ संगणकावर घडवतात आणि आत्या त्यांची परीक्षा घेते. साक्षीदार दोन: वरून पाहणारा उपग्रह आणि आमच्या गच्चीवरून पाहणारा तिचा अँटेना. उपग्रहांचे संदेश त्या हवेत किती रेंगाळले, हे तो खालून मोजतो. दोघांचीही साक्ष जुळली तरच मॉडेल पास. बहुतेक मॉडेल्स दिवसभर शहाण्यासारखी वागतात आणि सूर्य मावळला की भरकटतात. "नाक्यावरच्या पोरांसारखी," म्हणत आत्या लाल शेरा मारते.

ही खोड स्वयंपाकघरातही शिरली. भात शिजला का, हे ती वरचं एक आणि तळाचं एक शीत चेपून ठरवते. एकदा टेंभी नाक्याच्या दहीहंडीला किती थर लागले, यावरून आमचा वाद पेटला. मला गर्दीत उभं करून ती एका अनोळखी घरात घुसली आणि बाल्कनीतून ओरडली, "तुझ्यापेक्षा माझा एक जास्त रे! खालचा थर गर्दीने खाल्ला!" त्या घरच्यांनी तिला चहा पाजला, आणि तीही निवांत प्यायली.

मग सोसायटीत रिडेव्हलपमेंटची नोटीस लागली. इमारत पडणार, म्हणजे अँटेना जाणार, आणि आत्याने कित्येक वर्षं लेकरासारखी जपलेली सलग नोंद तुटणार. मी पत्रकांवर वाढलेला माणूस, पेटलोच. 'बिल्डरशाही मुर्दाबाद! सर्व रहिवासी एकमुखाने विरोधात!' असं पत्रक छापून तिच्यापुढे टाकलं.

"सर्व? कुणाकुणाला विचारलंस?"

"तिसरा आणि चौथा मजला. झाडून सगळे विरोधात!"

"म्हणजे नुसता उपग्रह. तळमजल्याचं काय?"

तीच जिना उतरली, मागोमाग मी. तळमजल्यावरच्या सुमनकाकूंच्या घरात ओल खांद्यापर्यंत चढलेली, गाद्या टेबलावर रचलेल्या.

"दर पावसात मोरीतून घाण पाणी उलटं येतं हो, ताई," काकू म्हणाल्या. "पडू दे एकदाची ही बिल्डिंग. पण वर तुमचं ते यंत्र आहे ना, म्हणून संमतीच्या सहीचं कुणाकडे बोललो नाही."

आत्याने वर येऊन माझ्या पत्रकावर लाल पेनाने 'नापास' लिहिलं, आणि त्याच पेनाने संमतीपत्रावर सही केली.

आता ती माजिवड्याला भाड्याने राहते. घरमालक गच्चीला कुलूप लावतो, त्यामुळे अँटेना खोक्यातच. मी गेलो की विचारतो, "काय म्हणतंय आभाळ?"

"वरून तर सगळं छान दिसतंय रे," ती म्हणते. लाल पेन मात्र हातात तसंच राहतं.