पार्बताबाईची मुदत

शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं बरं असतं. त्यानं होळीला सांगायचं आणि पाडव्याला जायचं. अख्ख्या वऱ्हाडात त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण स्वयंपाकिणीनं काम सोडायचं, तर आधी किती दिवस सांगायचं? अमरावतीच्या भगवंतराव वकिलांची चूल सांभाळण्यात जिची उमर गेली, त्या पार्बताबाईला हे सांगणारं कोणी भेटलं नाही. शेजारणी म्हणाल्या, "रात्री भांडे घास अन् सकाळी चालू लाग." तिला ते पटेना. खाल्ल्या मिठाला जागणारी बाई ती.

माळ्याच्या घरची ही लेक. तरुणपणीच नवरा गेला, आणि भावजयीचे टोमणे ऐकण्यापेक्षा परक्याची चूल बरी म्हणून ती शहरात आली. हाताला चव अशी, की वकिलांचे पक्षकार कोर्टात तारीख नसली तरी जेवणाच्या वेळेला हजर. आता मात्र तिला स्वतःची चूल हवी होती. बडनेऱ्याला स्टेशनापाशी शालिकराम नावाच्या घरमालकाची खोली रिकामी होती. तिथं रेल्वेच्या माणसांसाठी खानावळ टाकायची आणि म्हातारपणी कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, एवढीच तिची आस. शालिकराम पाडव्यापर्यंत थांबणार होता. पुढं खोली दुसऱ्याला.

संक्रांतीच्या सुमाराला तिनं वकिलांपुढं विषय काढला. ते हसले.

"पार्बताबाई, कायद्यात साऱ्यायची मुदत हाय, स्वयंपाकिणीची नाई. तुमीच सांगा."

"ताराबाईच्या हाती चूल देईन, अन् मंगच जाईन."

इथंच बाई फसली. तारीख सांगायची सोडून शब्द देऊन बसली.

तारा ही घरची सून, अकोल्याची. नवरा नागपूरला वकिली शिकत होता, सासू कधीचीच वारली होती, आणि सासऱ्यांसमोर तर तोंड उघडायची सोय नव्हती. ती चुलीपुढं शिकायला बसली खरी, पण शिकेल तर शपथ! वरण करपलं. भाकरी तव्यावर टाकताना फाटली. झुणका असा खारट, की भगवंतराव घासाघासाला पाणी पीत मुकाट गिळत. पार्बताबाई पुन्हा हात धरून दाखवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

होळी झाली तशी पार्बताबाईची आशा सुटली. शब्द मोडून जाणं तिच्याच्यानं होईना. खोली दुसऱ्याला द्या म्हणून सांगायला ती बडनेऱ्याला गेली. शालिकराम अकोटला गेला होता. त्याच्या ओट्यावर ती बराच वेळ बसून राहिली, त्या बंद खोलीकडं बघून पदरानं डोळे पुसले, आणि निरोप न देताच परत फिरली.

घरी मागच्या दारानं शिरली, तर बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याची फोडणी घमघमत होती. हा वास तिच्या हातचा होता, आणि ती तर दारात उभी! आत ताराचे वडील शेषराव पाटावर बसून बोटं चाटत होते. न कळवता अकोल्याहून लेकीला भेटायला आले होते. चुलीवर भाकरी टम्म फुगली होती.

शेषराव हात धुवायला उठले तसं पार्बताबाईनं सुनेचं मनगट धरलं.

"हे कवा शिकली व?"

तारानं आधी बाबा लांब गेल्याची खात्री केली. मग म्हणाली, "कवाचंच येते मले, मावशी. पन बाबाले करपलेलं वाढवलं नाई गेलं."

"मंग आमालेच काहून रडवलं?"

"तुमी गेल्या, तं या घरात मी कोनासंग बोलू? म्हनून मुद्दाम बिघडवून राहिली होती."

पार्बताबाईचा संताप अनावर झाला. "अवं, मी आज ती खोली सोडून द्याले गेली होती! मालक घरी असता तं गेलीच होती हातची!"

ताराचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो होतो, हे तिला तेव्हा कुठं कळलं.

संध्याकाळी भगवंतराव कोर्टातून आले. तारा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि त्या घरात पहिल्यांदाच ऐकू जाईल असं बोलली. "मामाजी, चूल माह्या हाती आली. मावशीले जाऊ द्या."

वकील चकित झाले. "बरं. मंग पाडव्याले?"

"नाई. उद्याच."

पार्बताबाईच्या काळजाला ते लागलं. इतके दिवस जीव टाकला तो जाण्यासाठीच, पण इतक्या लवकर कोणी दार दाखवील असं तिला वाटलं नव्हतं. "दोन दिवसबी नको झाली काय व मी तुले?"

तारानं मान खाली घातली. "पाडव्यापर्यंत राहिल्या, तं माह्यं मन पुन्हा फिरंल, मावशी. माह्यावर भरोसा ठेवू नका."

 पार्बताबाईनं गाठोडं बांधायला घेतलं, आणि तारा शेजारी बसून तिची लुगडी एकेक घडी करून देत राहिली.