रक्तताईनं स्वतःचं रक्त तपासलं

प्रयोगशाळेत सगळे तिला रक्तताई म्हणायचे. बावीस वर्षं तिनं परक्यांच्या शिरा शोधल्या. रडकी पोरं तिच्यापुढं गप्प बसायची. मिशांना पीळ देत आलेले गडी मात्र सुई पाहून डोळे गच्च मिटायचे. स्वतःचं रक्त तेवढं तिनं कधी तपासलं नव्हतं. "दिव्याखाली अंधार!" डॉक्टरीणबाई चिडवायच्या.

कारण होता तिचा दादा. सव्विसाव्या वर्षी सिकलसेलनं गेला. हिमोग्लोबिन हे प्रथिन शरीर जनुकात लिहिलेल्या कृतीबरहुकूम एकेक कडी जोडत बनवतं. दादाच्या कृतीत एकच अक्षर बदललेलं, म्हणून सहावी कडी भलतीच लागायची. एवढ्याशा कारणानं प्रथिनं एकमेकांना चिकटत, गोल पेशी विळ्यासारख्या वाकत, बारीक वाहिन्यांत अडकत आणि दादा गुडघे पोटाशी घेऊन कण्हत राही. ती पाय चेपत बसायची. जरा उतार पडला की म्हणायचा, "तुमचं रक्त गोलमटोल, मिळमिळीत. माझं बघ कसं धारदार!"

त्याला तो बदल आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता. आपल्यालाही एकाकडून तरी आला असणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. दादाचं तेवढंच आपल्या अंगात उरलंय, या समजुतीवर ती जगत होती. तपासलं आणि नसलं तर?

आता लेकीचं लग्न ठरलं आणि होणारा जावई वाहक निघाला, म्हणजे स्वतः धडधाकट, पण तो बदल एका बाजूनं अंगात आलेला. लेकही वाहक असली तर दादाचं दुखणं नातवंडाच्या वाट्याला येऊ शकत होतं. लेक सुईला भिणारी. "बाबांचं तपासलेलं आहे, त्यांच्यात नाही. तुझ्यातही नसेल तर मला कशाला टोचतेस, आई?"

ताईनं स्वतःचं बोट टोचलं, रक्त नळीतल्या द्रावणात सोडलं आणि मागं रेघांचा कागद धरला. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर दोष आहे. लेकीसाठी ती म्हणत होती, दिसू देत. आणि लाज वाटत असूनही मनात म्हणत होती, नको दिसू देत.

रेघा दिसल्या. लख्ख, एकूण एक.

तिनं लेकीला फोन केला. तिकडं लेकीचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून ताई स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडू लागली. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"अहो ताई, काही निघालं का?"

"नाही हो बाई," ती म्हणाली. "दादाचं माझ्याकडं काहीच नाही."