बिननावाच्या झाडाचे एकोणीस आंबे

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मागोमाग थोडी लाज वाटते. खून नव्हता, दरोडा नव्हता. एकोणीस आंबे चोरीला गेले होते, बस्स.

हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी होऊन तो पहिलाच उन्हाळा होता. आमच्यातले बरेच मराठी अधिकारी औरंगाबाद, नांदेडकडे निघून गेले. माझं घर हैदराबाद शहरात, जामबागेत, आई तिथून हलायला तयार नाही, म्हणून मी इथेच राहिलो. ठाण्याचा रोजनामा कालपर्यंत उर्दूत लिहिला जायचा, आता इंग्रजीत लिहा असा हुकूम आला. माझा हवालदार उर्दू झकास लिहायचा, पण इंग्रजीची एक ओळ उतरवायला त्याला दोन कप चहा लागायचा. मी सब-इन्स्पेक्टर होतो, तरी गावकरी जुन्या सवयीने मला 'अमीनसाब'च म्हणत. वरचे साहेब नवे, आंध्रच्या किनारपट्टीकडून आलेले. त्यांच्यावर आपली छाप कशी पडेल याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती.

शहरापासून बसने दोन तासांवर, माझ्या हद्दीत, आमरायांचं एक लहानसं गाव होतं. चाळीस-पन्नास घरं आणि भोवती नजर जाईल तिथे आंबा. वस्ती बहुतेक तेलुगू, पाटलांचं घर तेवढं मराठी; त्या घरच्या पुरुषांना गाव 'दोरा', म्हणजे मालक, म्हणे. तिथे झाडांना नावं असत. शेपूच्या वासाचा तो शेप्या, खोबऱ्याच्या चवीचा तो खोबऱ्या. कोयीपासून वाढवलेल्या झाडाचं फळ कसं निघेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. पहिलं फळ खाल्लं की मग चवीवरून नाव ठेवायचं. पाटलांच्या आमराईत विहिरीजवळचं एक झाड त्या वर्षी पहिल्यांदाच फळाला आलं होतं. मोजून एकोणीस आंबे. पहिली पाटी नव्या साहेबांना जाणार, असं पाटलांनी गावभर सांगून ठेवलं होतं. साहेबांना याचा पत्ताही नव्हता.

एका दुपारी पाहतात तर झाड रिकामं. पाटील तडक ठाण्यात आले. फिर्याद सांगताना त्यांनी साहेबांचं नाव तीनदा घेतलं, त्यामुळे मला हसता आलं नाही.

खबर दिली गावच्या न्हाव्याने. माझी दाढी करता करता तो कानात म्हणाला, "साब, राखनदार बाजार को गठरी लेके जा रा था. मैं देखा." राखणदार पन्नाशीचा माणूस. बायकोसह आमराईतल्याच झोपडीत राहायचा, वीस वर्षं तिथेच नोकरीला. मी फारसा विचार केला नाही. चावडीवर सगळ्या गावासमोर त्याला उभा केला, "चोर तूच," म्हणालो आणि त्याची काठी काढून घेतली. पाटलांनी तिथल्या तिथे फर्मावलं, आठ दिवसांत झोपडी खाली कर. त्याची बायको पायरीशी उभी होती. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

झाडाचा पंचनामा मी त्याला ठाण्यात पाठवल्यावर केला. खरं म्हणजे हे काम आधीचं. झाडाखाली एक पान पडलेलं नव्हतं की एक फांदी मोडलेली नव्हती. भुरटा चोर झाड हलवतो, दगड मारतो. इथे एकेक फळ देठ राखून, चीक अंगावर येऊ न देता हळुवार उतरवलं होतं. बाजारात चौकशी केली तर तसला आंबा कुणी पाहिला नव्हता. राखणदाराच्या गाठोड्यात चिंच होती, आणि ती विकत घेणारी बाईसुद्धा सापडली. चोर विकणारा नव्हता, खाणारा होता, एवढं मला कळलं. पण खाणारा राखणदारही असू शकतो, म्हणून मी त्याला सोडला नाही.

ठाण्यात चार दिवस मी तोच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला. अखेर तो वैतागला.

"साब, मैं खाया रहता तो अब तक नाम रख दिया रहता."

"म्हणजे?"

"नए झाड का पैला आम खाके आदमी चुप बैठता क्या? आम पेट में रहता साब, नाम नै रहता."

हवालदार खो खो हसला. मी मात्र लेखणी खाली ठेवली. हा माणूस उभ्या गावाचा स्वभाव मला एका वाक्यात सांगून गेला होता, आणि मी त्यालाच कोठडीत बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांना एका बाजूला घेऊन सगळं पढवून ठेवलं आणि चावडीवर लोक जमवले. खिशातून एक कागद काढून मी मोठ्याने वाचल्यासारखं केलं. कागद होता ठाण्याच्या कंदिलासाठी घासलेट मागणारा. मी म्हणालो, "शहरातल्या जाणकारांना विचारलं. त्या विहिरीजवळच्या झाडाचं फळ आंबटढोण निघणार. ठेवण्यात अर्थ नाही. आजच तोडा आणि तिथे कलम लावा." ठरल्याप्रमाणे पाटलांनी कुऱ्हाड आणायला सांगितलं. माझी नजर न्हाव्यावर आणि कोपऱ्यातल्या दोन रिकामटेकड्या तरुणांवर होती.

ओट्यावर पाटलांचे वडील, आबा, मान खाली घालून सुपारी कातरत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, मधुमेहाचे रोगी, डॉक्टरांनी आंबा साफ बंद केलेला. त्यांचा अडकित्ता थांबला.

"आंबट? कुण्या गाढवाचं मत आहे हे?" आबा कडाडले. "अख्ख्या शिवारात असा मधाळ आंबा नाही! कोयीला एक धागा नाही, सालीपर्यंत गोड..."

सगळ्या माना आबांकडे वळल्या. पाटलांनी सावकाश विचारलं, "आबा, तुम्हाला कसं माहीत?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "झेल्याने एकेक उतरवला. सात खाल्ले. बाकीचे गोठ्यात कडब्यात घातलेत."

"अहो, डॉक्टर काय बोलले होते तुम्हाला?"

"डॉक्टरने लावली होती का कोय? मी लावली होती!"

चावडी हसून लोटपोट झाली. मीही हसलो. तेवढ्यात पायरीशी राखणदाराची बायको दिसली आणि माझं हसू थांबलं.

"आबा, तुमच्यासमोर मी त्याला नेला. तेव्हा का नाही बोललात?"

म्हातारा सुपारीचे तुकडे गोळा करू लागला. "वाटलं, दोन दिवसांत सोडाल. मग लाज वाटली. मग रोज जास्तच वाटायला लागली."

आमराईच्या मालकीचा पट्टा आबांच्याच नावावर होता. आपल्याच झाडाचं फळ खाणं कोणत्याही कायद्यात चोरी होत नाही. प्रकरण संपलं. ठाण्यात येऊन मी राखणदाराला म्हणालो, "सुटलास. इथे अंगठा कर आणि जा. पाटलांनी कामावरही बोलावलंय." तो जागचा हलला नाही.

"चावडी पे चोर बोले साब, तो चावडी पेच बोलना. ये कागद मेरी औरत को कौन पढके सुनाता?"

"ए, ज्यादा बातां नक्को!" हवालदार खेकसला. मलाही राग आला होता. नव्या राज्यात, नव्या साहेबांच्या हाताखाली, वर्दीतला अधिकारी गावासमोर माफी मागतो म्हणजे काय? ही गोष्ट वर गेली तर? मी तासभर फायली इकडच्या तिकडे करत बसलो. तो समोर तसाच उभा होता. त्याची बाजू खरी होती आणि माझी नव्हती, हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. उरलेला वेळ नुसता अहंकारात गेला.

संध्याकाळच्या आत आम्ही दोघं एकाच बसने गावात उतरलो. चावडीवर मी टोपी काढून काखेत धरली आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हणालो, "ईयन दोंगा कादु. तप्पु नादि." हा चोर नाही, चूक माझी. त्याची काठी मी माझ्या हाताने त्याला दिली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून ती झोपडीकडे चालू लागली. झोपडी आता तिचीच होती.

मग आबा आले. हात जोडले आणि कडब्यातला एक पिकला आंबा त्याच्यापुढे धरला. राखणदाराने तो उभ्या उभ्या, अगदी सावकाश खाल्ला. झाडाचं नाव ऐकायला सगळं गाव कान देऊन उभं होतं.

"अच्छा है," तो म्हणाला. "पन मिठास जरा कम है, दोरा."

आबांचा जो तिळपापड झाला, तो पाहून मला वाटलं आता नवीन फिर्याद लिहावी लागते की काय!

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. माणूस पकडायचा तो चारचौघांत, आणि सोडायचा तो मागच्या खोलीत, एका अंगठ्यावर, ही आमच्या खात्याची जुनी रीत. मी ती मोडली. संशयावरून ज्याला लोकांसमोर धरलं आणि तो निर्दोष निघाला, त्याला त्याच जागी नेऊन, त्याच लोकांसमोर सोडलं. सहकारी माझी टर उडवायचे. म्हणायचे, तुम्ही पोलीस आहात की पुजारी? मी त्यांना एवढंच सांगायचो, एकदा करून बघा. टोपी काढायला किती जोर लागतो, ते तेव्हाच कळतं. आणि एकदा कळलं की पुढच्या माणसाला चोर म्हणण्याआधी आपण झाडाखाली जाऊन येतो.