सांगेल तेच लिहायचं

मालाडच्या आमच्या कॉलेजात अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी रायटर शोधून देणारं एक मदत केंद्र आहे. जिन्याखालची छोटीशी खोली, पण पोरांचा राबता सतत. मी एफवायला असताना हौसेने तिथे नाव दिलं आणि टीवायच्या एका मुलीचा राज्यशास्त्राचा पेपर माझ्या वाट्याला आला. केंद्राच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, "ती सांगेल तेच लिहायचं. स्वतःची अक्कल घरी ठेवून यायची."

ती झकास सांगत होती, मी भराभर लिहीत होते. मध्येच ती म्हणाली, "राज्यसभेचे सभापती राष्ट्रपती असतात." माझं डोकंच फिरलं. अगं, उपराष्ट्रपती! शाळेतली पोरंही सांगतील. पण तोंड उघडायची सोय नव्हती. दात-ओठ खात मी तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

पेपर सुटल्यावर कँटीनमध्ये समोसा खाता खाता तिने विचारलं, "ते सभापतींचं चुकलं ना गं माझं?"

"तुला कसं कळलं?"

"तेवढं एकच वाक्य तू बॉलपेन दाबून दाबून लिहिलंस. करकर ऐकू येत होती."

"मग बदललं का नाहीस?"

"पेपर माझा होता ना, यार."

मला वाटलं, आता ही दुसरी रायटर मागणार. पण केंद्रात गेल्यावर तिने माझ्यादेखतच मॅडमना सांगितलं, "पुढच्या पेपरलाही मला हीच द्या. फक्त हिला जेल पेन आणायला सांगा. ते बोलत नाही."