परातीतला पासपोर्ट

सरांनी पासपोर्ट माझ्या तोंडावर फेकून मारला. त्याचा कोपरा डाव्या डोळ्याखाली लागला. रक्त आलं. थोडंच आलं, पण आलं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतीस का गं?"

सरांच्या घरी मी कधी जेवले नव्हते. आमच्यातलं कुणीच जेवलं नव्हतं. आज्याच्या काळात त्यांचं अन्न आमच्याकडं यायचं, तेही वरून टाकलेलं. वासे मोजायचे तर आधी घरात घ्यायला पाहिजे. हे बोलायचं तोंडावर आलं होतं, पण तोंडावर पासपोर्ट आला.

माझा बाप दारात उभा होता. चपला बाहेर काढून. हे सरांचं लातूरचं ऑफिस. याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या भिंती माझ्या बापाने उभ्या केल्यात. तेव्हा तो चपला घालूनच हिंडायचा इथे. फरशी बसली, देवघर झालं, सरांचा फोटो लागला, आणि बापाच्या चपला बाहेर गेल्या.

माझा बाप गवंडी आहे. भूकंपाने त्याला गवंडी केलं. निलंगा तालुक्यातलं आमचं गाव एका पहाटे खाली बसलं. मी तेव्हा जन्मले नव्हते. ऐकून ऐकून पाठ आहे. सरांच्या थोरल्या चुलत्यांना माझ्या आज्याने ढिगाऱ्यातून ओढून काढलं. त्यांनी आज्याच्या हातचं पाणी प्यायलं. पुढे हे पाणी त्यांना कधी आठवलं नाही. डोक्याला मार लागला होता.

मग नवं गाव वसलं. बाप तिथे आधी दगडं उचलायला गेला, मग ओळंबा धरायला शिकला. नव्या गावाला वेस नव्हती. सरळ रस्ते होते. ज्याची जेवढी जमीन, तेवढं मोठं घर. ज्याला जमीनच नाही त्याला सगळ्यात लहान घर, सगळ्यात शेवटच्या रांगेत. वेस गेली, पण तिच्या बाहेर राहणारे जिथल्या तिथे राहिले. सरकारने फक्त रस्ते सरळ केले.

सर आमच्याच गावचे. पहिल्या रांगेतले. लातूरला येऊन त्यांनी क्लास काढला. गल्लोगल्ली क्लास निघत होते, त्यातला एक. भिंतीवर गुणवंतांचे फोटो, चौकात सरांचा स्वतःचा. फोटोत सर आकाशाकडे बघत होते. विद्यार्थी कुठे बघतायत याच्याशी त्यांचा फार संबंध नसावा.

क्लासच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दुसरा धंदा उघडला. परदेशात डॉक्टरकीला पाठवायचा. खाली क्लास, वर परदेश. ज्याला खाली जमलं नाही त्याला जिन्याने वर न्यायचे. मला इथली सरकारी जागा थोडक्यात हुकली. मी जिना चढले. बापाने कशी जमवाजमव केली ते इथे लिहीत नाही. तो वेगळा मार आहे.

मध्य आशियातल्या एका थंड शहरात मी शिकायला लागले. पहिलं वर्ष पास झाले, दुसरं झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले. सुट्टीत आलेल्या प्रत्येकाने गुरुपौर्णिमेला सरांच्या पाद्यपूजेला हजर राहायचं, असा रिवाज होता. येताना पासपोर्ट आणायचा. व्हिसाच्या पानावर गुरूने कुंकवाचं बोट टेकवलं की परतीचं विमान सुखरूप पोचतं, अशी समजूत त्या क्लासमध्ये रुजली होती. रुजवली कुणी, हे विचारायचं नाही. शरीररचनाशास्त्र शिकून आलेली, हाडांची नावं झोपेत सांगणारी पोरं रांगेत उभी होती. मीही होते.

सर चांदीच्या पाटावर पाय ठेवून उंच खुर्चीत बसलेले. पाटाखाली पितळी परात. प्रत्येकाने पायावर दूध-पाणी ओतायचं, पुसायचं, पासपोर्ट उघडून पुढे करायचा. सर तो हातात घ्यायचे, कुंकवाचं कोरडं बोट कडेला टेकवायचे, परत द्यायचे. सगळ्यांचा घेतला.

माझी पाळी आली. मी पासपोर्ट पुढे केला. सरांनी हात मागे घेतला.

"खाली ठेव."

खाली परात होती. मी काठावर उघडा ठेवला. सरांनी चिमूटभर कुंकू वरून सोडलं. आज्याच्या ओंजळीत भाकरी पडायची तसं. तेवढ्यात मागच्या मुलाने दुधाचा तांब्या ओतला. पासपोर्ट घसरला आणि परातीत बसला. सरांच्या पायाच्या पाण्यात.

मी तो काढला, ओढणीने पुसला. मुलं हसली. सर म्हणाले, "आता तर गंगेत न्हाला की गं."

परत शिकायला जाणाऱ्याला दुसरा देश पुन्हा नव्याने तपासतो, हे घरच्या माणसांना पटत नाही. मागच्या वर्षी आत घेतलं म्हणजे यंदाही घेतील, असं नसतं. पासपोर्ट धड लागतो. त्यातला व्हिसा मशीनला वाचता यावा लागतो. कॉलेजचं चालू वर्षाचं पत्र लागतं, तिथल्या राहण्याची नोंद लागते. यातलं एक बिघडलं की माणूस दोन देशांच्या मधे लटकतो. माझं बाकी सगळं ठीक होतं. व्हिसाच्या पानावर मात्र लाल ओघळ वाळला होता आणि खालच्या ओळीतली अक्षरं फुगून फुटली होती.

हैदराबादच्या विमानतळावर खिडकीतल्या बाईने पान दिव्याखाली धरलं. मशीनमधून काढून पाहिलं. मग तिच्या वरचा माणूस आला. वयस्क, दखनी बोलणारा.

"ये क्या है बेटा, खून है?"

"नहीं. कुंकू है."

"कौन लगाए?"

"गुरू ने."

त्याने पासपोर्ट मिटला. "तो अब वीजा भी गुरू से ही ले लेते, अम्मा."

रांगेतले लोक हसले. तो मात्र हसला नाही. त्याने नीट समजावून सांगितलं. हा व्हिसा खाडाखोड केल्यासारखा दिसतो. असं पान घेऊन मी पलीकडे उतरले तर ते मला त्याच विमानाने परत धाडतील. कदाचित पुन्हा येऊच देणार नाहीत. नवा पासपोर्ट काढ, मग नवा व्हिसा. माझी बॅग पट्ट्यावरून मागे आली.

सत्र सुरू व्हायला थोडेच आठवडे होते. ठरलेल्या मुदतीत पोचलं नाही तर नाव कमी होतं. नव्या व्हिसाला कॉलेजचं निमंत्रणपत्र लागतं, आणि ते फक्त सरांच्या ऑफिसातूनच येतं असं आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून सांगितलेलं. म्हणून बापाला घेऊन मी लातूरला त्या ऑफिसात आले. सरांना म्हणाले, तुमच्या पूजेत पासपोर्ट खराब झाला, तर निमंत्रणपत्र लवकर मागवून द्या. पासपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला होता, आवाज चढवला नव्हता.

त्यावर तो पासपोर्ट माझ्या तोंडावर आला.

मी तो उचलला. म्हणाले, "बाकीच्यांचा हातात घेतला. माझाच खाली ठेवायला लावला. का?"

ऑफिसातली कीबोर्डची टकटक थांबली.

सर उठले आणि त्यांनी मला कानफटात मारली. कानात शिट्टी वाजायला लागली. ती पुढे पुष्कळ दिवस वाजत होती. मग ते बापाकडे वळले. "काय रे, पोरीला हेच शिकवलंस? पाया पड म्हणावं तिला. आधी तू पड."

बाप पुढे आला. "चुकलं मालक, लेकरू हाय," म्हणत वाकायला लागला.

तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काही मोठा विचार आला नाही. क्रांती वगैरे काही आठवली नाही. एवढंच दिसलं की बापाचं टक्कल सरांच्या गुडघ्यापर्यंत गेलंय. मी मागून त्याची कॉलर धरली आणि हिसका दिला. सदरा पाठीवर टर्रकन फाटला. बाप उभा राहिला.

"बाबा, वाकायचं न्हाई."

सरांनी दुसऱ्यांदा हात उगारला. मी मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कोपराच्या आतल्या खोबणीत घुसवला. तिथून एक नस जाते. ती हाडावर दाबली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात आणि पंजा ढिला पडतो. शरीररचनाशास्त्राचा माझा पहिला प्रत्यक्ष उपयोग. सर ओरडले, काचेच्या टेबलावर कलंडले, टेबल फुटलं. त्या हाताने मला पुन्हा मारता आलं नाही.

बाकीच्यांच्या हातांना काही झालं नव्हतं. ऑफिसातल्या तिघाचौघांनी बापाला जिन्यावरून खाली लाथाडलं. तो मधल्या कठड्यावर आपटला. दंडाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला केसांना धरून खाली आणलं आणि रस्त्यावर सोडलं. समोर क्लास सुटला होता. एका पोराने मोबाइल काढला आणि त्याच्या मित्राने तो खाली दाबला. भीतीने की लाजेने, माहीत नाही.

दवाखान्यातून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मी अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार दिली. लिहून घ्यायला त्यांनी दुपार घालवली. मधे मधे शिक्षणाचं बघा, करिअर आहे, असा सल्ला दिला. चहा पाजला. ठाण्यात चहा मिळायला लागला की समजावं, समोरचा मोठा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यावर उलट तक्रार दिली. मारहाण आणि नासधूस. मला त्यात फक्त टेबलाचं वाईट वाटलं.

नव्या पासपोर्टसाठी नांदेडची तारीख आधी मिळत होती, म्हणून आम्ही नांदेडला गेलो. बापाचा हात गळ्यात. खराब झालेल्या पासपोर्टच्या बदल्यात नवा काढायचा तर तो कसा खराब झाला ते शपथेवर लिहून द्यावं लागतं. बाहेर टपरीशेजारी टायपिंगवाला बसला होता. त्याने विचारलं, काय लिहू?

बाप म्हणाला, "घरी सांडलं म्हणून लिव्हा. माझ्या हातनं सांडलं. देवपूजा करताना."

मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या घरात देवपूजा आज्याने बंद केली, त्याला माझ्या बापाचं वय झालं.

"माय, ऐक," बाप म्हणाला. "पत्र त्यांच्याकडूनच याचंय. कागदातली एवढी वळ बदल. म्या सांडलं म्हण. माझं काय जातंय?"

तो आळ स्वतःवर घ्यायला तयार होता. विटा घ्याव्या तसा. मला रडू आलं नाही, संताप आला. त्याचा नव्हे. एवढ्या सहज ओझं उचलायची सवय ज्यांनी त्याला लावली त्यांचा.

मी सांगितलं आणि टायपिंगवाल्याने लिहिलं. गुरुपौर्णिमेच्या पाद्यपूजेत अमुक यांनी पासपोर्ट हातात न घेता जमिनीवरच्या परातीजवळ ठेवायला लावला, त्यामुळे तो भिजला. पूर्ण नावासकट. टायपिंगवाला थांबला. "ताई, नाव कशाला? 'अनवधानाने' लिहितात सगळे. लवकर होतं."

"त्यांच्या ध्यानात होतं," मी म्हणाले. "लिहा."

त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी विभागाला स्वतः मेल केला. आजवर कधी केला नव्हता. सगळं सरांमार्फतच करायचं, नाहीतर नाव कापतात, असं सांगून ठेवलेलं. उत्तर आलं. नवा पासपोर्ट क्रमांक विद्यार्थ्याने स्वतः कळवावा, निमंत्रणपत्र त्याला थेट दिलं जाईल. कुणाचीही शिफारस लागत नाही.

मी ते उत्तर बापाला वाचून दाखवलं. पुन्हा वाचून दाखवलं. आनंद झाला नाही. ती परात, ती खुर्ची, तो जिना, ती रांग, आणि माझ्या नि कॉलेजच्या मधे काहीच नव्हतं. एक साधा मेल होता. माणसाच्या गळ्यात दोर नसताना नुसतं सांगून त्याला वर्षानुवर्षं बांधून ठेवता येतं, हे मला तेव्हा कळलं.

आता अडकलं होतं पोलिसांच्या पडताळणीत. माझ्यावर तक्रार, म्हणून अहवाल पुढे जाईना. कॉलेजने दिलेली मुदत जवळ येत होती. एका सकाळी ठाण्यातले जमादार आमच्या शेवटच्या रांगेतल्या घरी आले. बसायला दिलेल्या खुर्चीवर बसले, दिलेलं पाणी प्यायले. चांगला माणूस असावा. चांगल्या माणसांना असल्याच कामांना पाठवतात.

बापाला म्हणाले, "तुम्ही मागं घ्या, ते बी मागं घेतील. अहवाल साफ जातो. पोरगी इमानात बसती. मास्तर म्हणालेत, झालं गेलं इसरलो."

बाप पायरीवर बसला होता. हाताचं प्लास्टर मांडीवर. मला वाटलं, तो हो म्हणेल. त्याने म्हटलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

"मला काय इचारता साहेब," तो म्हणाला. "तक्रार तिची हाय. तिला इचारा."

जमादार माझ्याकडे वळले. "वर्ष जाईल पोरी."

"जाऊ द्या."

"पुन्हा घेतील का न्हाई, काय भरवसा?"

"न्हाई घेतलं तर दुसरीकडं शिकीन. मी मागं घेणार न्हाई. सरांना असंच सांगा, माझ्याच शब्दांत."

जमादारांनी टोपी घातली आणि ते गेले. अहवाल अडकलेलाच राहिला आणि मुदत संपली. माझ्या बाकावर आता दुसरं कुणी बसत असेल. कॉलेजने कळवलंय की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, हमी देता येणार नाही. मी अर्ज करणार आहे.

दरम्यान सरांकडे पासपोर्ट घेऊन जाणाऱ्या पोरांची घरं मी शोधतेय. चाकूर, उदगीर, देगलूर, जिथे सापडतील तिथे. एकेकाच्या अंगणात बसून कॉलेजचा मेल-पत्ता देतेय, आणि साक्ष देशील का विचारतेय. दोघं हो म्हणालेत. बाकीचे दार लावतात. लावू देत, मी पुन्हा जाईन. खटला उभा राहील, लांबेल, साक्षीदार फुटतील. सर सुटतीलही. सुटले तर वरच्या कोर्टात जाईन. मला परत जायचंय आणि मी जाणार आहे, पण मान खाली घालून मिळालेल्या कागदावर नाही. आणि जिथे कुठे शिकत असेन तिथून प्रत्येक तारखेला येऊन उभी राहीन.